तळहातावरची लगड

2025 सालचा दसरा 2 ऑक्टोबरला आला आणि इथल्या सुट्टीत अलगद सापडला. चीनच्या राष्ट्रीय दिनाला जोडून आठवडाभर ऑफिसं बंद असतात, आणि त्या आठवड्याला इथे म्हणतातच 'सोनेरी आठवडा'. दसऱ्याला आणखी काय हवं! पण शांघायमध्ये आपटा कुठून आणायचा? सकाळी दोन-चार मराठी घरांशी फोनवर 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' झालं, श्रीखंडाची तहान डब्यातल्या गोड दह्यावर भागवली, आणि दुपारी सीमोल्लंघन म्हणून जवळच्या मॉलपर्यंत चालत गेले. बाहेर साखरेत भाजलेल्या चेस्टनटचा गोडसर करपट वास, आत एसीचा गारठा, आणि तळमजल्यावर, एरवी मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो त्याच्या पलीकडे, तीसेक माणसांचा घोळका. मला वाटलं कुणी नट-नटी आलीय. टाचा उंचावून पाहिलं तर सोनं गाळायचं मशीन.

या मशीनबद्दल वसंतात बातम्यांमध्ये वाचलं होतं, पण प्रत्यक्ष बघत होते पहिल्यांदाच. आपल्या एटीएमपेक्षा बरंच रुंद, वर पडदा. खणात डाग, म्हणजे दागिना, ठेवायचा. मशीन वजन करतं, कस बघतं, आजच्या भावाने किती पैसे होतात ते दाखवतं. तुम्ही 'हो' दाबलंत की आत 1200 अंशांची भट्टी. अर्ध्या तासात पैसे थेट खात्यात. आतलं सगळं बाहेरच्या पडद्यावर दिसतं, म्हणून तर घोळका. माझ्या पुढ्यात सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. राखाडी केस कानामागे, फिकट जांभळा स्वेटर, हातात भाजीची पिशवी. पिशवीतून कांद्याची पात डोकावत होती. त्यांनी रुमालातून अंगठी काढली. वरचं 'फू' हे अक्षर, म्हणजे भाग्य, अर्धं झिजलेलं. खणात ठेवण्याआधी त्यांनी मोबाइलवर तिचा एक फोटो काढला. मग अंगठी जराशी वळवून आणखी एक. पडद्यावर आकडे आले: साडेपाच ग्रॅमला थोडं कमी, चार हजार सातशेच्या आसपास युआन. बाईंनी बटण दाबलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग 'फू' एका बाजूने खचलं, कडा गोल झाल्या, आणि अंगठीच्या जागी एक थरथरता थेंब राहिला. लोकांचे मोबाइल वर झाले. पुढे यथावकाश बाईंच्या फोनवर पैसे आल्याचा आवाज झाला, तेव्हा त्यांनी शेजारच्या मदतनीस पोराला विचारलं, ते एकदा हातात घेऊन बघता येईल का? पोरगा चांगला होता, हसला आणि म्हणाला, "आयी, ते आता मशीनचं झालं. तुमचे पैसे आलेत की!" त्याही हसल्या. पण उजवा हात आधीच पुढे आलेला होता, तळवा वर करून. तो त्यांनी मागे घेतला आणि स्वेटरच्या खिशात घातला.

तो पुढे आलेला हात डोक्यातून जाईना.

चिनी भाषेत मावशी-काकूच्या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात. इथे आले तेव्हा पहिले काही दिवस रस्त्यात कुणी तशी हाक मारली की मी दचकून मागे बघायचे. आता सवय झालीय. पण त्या दिवशी त्या पोराच्या तोंडून ते ऐकताना पुन्हा तसंच झालं, कारण असाच पुढे आलेला एक तळहात मी लहानपणी पाहिला आहे, आणि तो खरोखरच आईचा होता.

मी गलाईवाल्याची, म्हणजे सोनं-चांदी गाळून देणाऱ्याची, मुलगी. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं देशभर भट्ट्या मांडून बसलीत हे मी काय सांगायला हवं? आमची भट्टी कोइमतूरला होती. सोनारांच्या गल्लीत, आठ बाय दहाच्या गाळ्यात, वर पोटमाळा. सकाळी आप्पा मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, तापायला ठेवायचे तेव्हा ती आधी काळी, मग लालभडक, मग जवळजवळ पांढरी दिसायला लागायची. टाकणखाराची चिमूट टाकली की वरचा मळ बाजूला सरायचा आणि मधोमध सोनं आरशासारखं फिरायला लागायचं. पण मला जास्त लक्षात राहिलंय ते तेजाबाचं काम. भेसळीच्या सोन्यात तिप्पट चांदी मिसळून तेजाबात उकळायचं, नारिंगी धूर वर यायचा, डोळे चुरचुरायचे, आप्पा तोंडाला पंचा बांधून खोकत राहायचे. सगळं विरघळून गेल्यावर तळाशी जे उरायचं तेच शंभर नंबरी सोनं, आणि ते पिवळं नसायचं. ते दिसायचं चहाच्या चोथ्यासारखं. ओलं, तपकिरी, कुणी वाटीतून फेकून देईल असं. पुन्हा मुशीत घातल्यावरच त्याला सोन्याचा रंग यायचा. शाळेतल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्यांना पटायचं नाही.

आप्पांची एक रीत होती. लगड ओतली, पाण्यात विझवली, फडक्याने पुसली की ती सगळ्यांत आधी गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायची. अजून कोमट असताना. काटा नंतर, हिशेब त्याच्याही नंतर. सोनाराचा पोऱ्या आला असला तरी त्याच्याही हातावर. आईची बोरमाळ गाळली तेव्हाही त्यांनी तेच केलं. गाळ्याची पागडी वाढली होती, दुसरा काही मार्ग नव्हता, आणि बाहेरच्या कुणाकडे गाळायला देणं त्यांना कमीपणाचं वाटलं असणार. बोरमाळेच्या मण्यांच्या पोटात लाख असते. ती जळताना गाळाभर वास पसरला, पोस्टातल्या पार्सलांच्या सीलसारखा. आई दारात उभी होती. आप्पांनी लगड तिच्या हातावर ठेवली. एवढी गळाभर मिरवलेली माळ, आणि हातात जेमतेम करंगळीच्या पेरापेक्षा मोठा तुकडा. "एवढीच?" आई म्हणाली. आप्पांनी उत्तर दिलं नाही. मी तेव्हा दुसरीत होते, आणि त्या 'एवढीच'मध्ये काय काय होतं ते कळायला पुढची वीस वर्षं गेली.

मी राहते त्या इमारतीत तळमजल्यावर माझी घरमालकीण राहते. तिलाही आयीच म्हणते. कापडगिरणीतून निवृत्त झालेली, म्हणजे गिरण्याच निवृत्त झाल्या आणि हिला घरी बसवलं. शांघायच्या गिरण्या बंद पडल्याच्या गोष्टी तिच्याकडून ऐकताना मला सतत परळ-लालबागच ऐकतेय असं वाटतं. ही बाई त्या प्रसिद्ध 'दामां'पैकी एक. दामा म्हणजे अक्षरशः थोरली आई, पण शब्दाला जराशी थट्टेची झाक. एप्रिल 2013 मध्ये दोन कामकाजी दिवसांत सोनं दोनशे डॉलरने कोसळलं, तीस वर्षांत पाहिली नव्हती अशी पडझड, आणि लंडन-न्यूयॉर्कचे शहाणे विकत सुटलेले असताना चीनमधल्या या बायका पिशव्या घेऊन सोनाराच्या दुकानांत शिरल्या. काउंटर रिकामे केले. भाजीबाजारात कोबी स्वस्त झाल्यावर जी धांदल उडते तशी, असं आयीच सांगते. त्या वर्षी चीनने सोन्याच्या मागणीत भारतालाही मागे टाकलं. पुढे भाव आणखी उतरत गेला, 2015 च्या अखेरीस तर हजार-पन्नास डॉलरपर्यंत, तेव्हा जगभर या बायकांची टिंगल झाली. आयीचा मुलगा जेवायच्या टेबलावर तिला 'अर्थतज्ज्ञ' म्हणायचा. मग ऑक्टोबर 2025 मध्ये सोनं चार हजार डॉलरच्या पार गेलं, आणि तोच मुलगा दर रविवारी येऊन आईच्या गुडघ्यांची चौकशी करतो. आयी मला डोळा मारते.

पण तिच्या सोन्याची मुळं 2013 मध्ये नाहीत. शांघायकरांच्या बोलीत जुन्या काळच्या एक ल्यांगच्या सोन्याच्या कांडीला 'छोटा पिवळा मासा' म्हणतात. साधारण सव्वाएकतीस ग्रॅम, म्हणजे आपले जुन्या हिशेबाने पावणेतीन तोळे. दहा ल्यांगची कांडी म्हणजे 'मोठा पिवळा मासा'. आयीची आई तसले मासे ओळखून होती. 1948 च्या ऑगस्टमध्ये, कम्युनिस्ट यायच्या आधीच्या कुओमिंतांग सरकारने नवा 'सोनेरी युआन' काढला आणि लोकांकडचं सोनं-चांदी जमा करून घेतलं. काही महिन्यांत त्या कागदाची रद्दी झाली. डिसेंबरात सरकारने माणशी चाळीस ग्रॅम सोनं विकायचं ठरवलं तेव्हा शांघायच्या बँकांसमोर जी झुंबड उडाली, तिचा फ्रेंच छायाचित्रकार अंरी कार्तिए-ब्रेसाँने काढलेला फोटो जगभर गाजला. माणसं एकमेकांना अशी चिकटलीत की कुठला हात कुणाचा तेच कळत नाही. त्या दिवसांत चेंगरून माणसं मेली. आयीची आई त्या गर्दीत होती की नाही ते आयीला ठाऊक नाही. आई कधी बोललीच नाही म्हणते. एवढंच, की मरेपर्यंत तिने नोटा कधी उशीखाली ठेवल्या नाहीत. नंतर नवं राज्य आलं, खासगी सोन्याच्या व्यापारावर बंदी आली, आणि 1982 मध्ये दुकानांच्या काचेमागे पुन्हा सोन्याचे दागिने दिसायला लागले तेव्हा आयी ऐन तिशीत होती. पहिल्या पगारवाढीत तिने एक अंगठी घेतली. ती अजून बोटात आहे. साबण लावला तरी निघत नाही.

बंदीची गोष्ट निघाली की मी तिला माझ्या आजोबांबद्दल सांगते. 1963 मधला, चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी घालणारा कायदा, मोरारजी देसाई, गल्लोगल्ली बसून राहिलेले सोनार. सोनार बसला की गलाईवालाही बसला. आजोबा भट्टी विझवून गावी परतले आणि काही वर्षं दुसऱ्यांच्या रानात राबले. सोन्यावरचं सरकारी नियंत्रण पुरतं उठायला 1990 उजाडलं. आयी ऐकते आणि विचारते, "म्हणजे तुमचं सरकारही?" मग आम्ही दोघी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसतो.

आमच्या ऑफिसातल्या मुलीची तऱ्हा वेगळी. हुनानहून आलेली, सव्वीस वर्षांची. तिच्या टेबलावर काचेची एक इवलीशी बाटली असते, होमिओपॅथीच्या गोळ्यांची असते तेवढी. आत 'सोन्याचे दाणे'. एक दाणा, एक ग्रॅम. 2023 पासून दर पगाराला एक घ्यायचा तिचा नेम. तेव्हा दाणा पाचशे युआनच्या आसपास पडायचा, 2025 च्या अखेरीस त्याच्या जवळजवळ दुप्पट झाला, म्हणजे नेम मोडायचीच वेळ आली. मी तिला आपल्याकडच्या वेढणीबद्दल सांगितलं, पाडव्याला गुंजभर का होईना घ्यायची, तर तिला ते फार आवडलं. पण वेढणी बोटात घालता येते म्हटल्यावर तिने नाक मुरडलं. "घालायचं कशाला? घातलं की घडणावळ गेली." तिच्या हातात, गळ्यात, कानात सोन्याचा कण नाही. घर घ्यायचं नाही, कारण फ्लॅटचे भाव उतरतायत आणि आईवडिलांनी हुनानमध्ये घेतलेला आजवर पुरा बांधून झालेला नाही. बँकेत ठेवायचे नाहीत, कारण 2025 च्या मे महिन्यापासून मोठ्या सरकारी बँका वर्षभराच्या ठेवीवर टक्काभरसुद्धा व्याज देत नाहीत. शेअरबाजाराचं नाव काढलं तर हसते. राहिली बाटली. दुपारी जेवण झालं की ती बाटली कानाशी नेऊन हलवते. किणकिण असा बारीक आवाज येतो. पाऊस पडायच्या आधी पत्र्यावर पहिले चार थेंब पडावेत तसा.

तिच्यासारख्यांचे हिशेब एकत्र केले की जे होतं ते आकड्यांत दिसायला लागलंय. 2024 मध्ये चीनमध्ये दागिन्यांसाठी गेलेलं सोनं आदल्या वर्षापेक्षा जवळजवळ पाव हिश्शाने कमी झालं आणि कांड्या-नाण्यांसाठी गेलेलं जवळजवळ तेवढंच वाढलं. 2025 च्या पहिल्या सहा महिन्यांत तर पारडं फिरलंच: दागिने दोनशे टनांच्या आत, कांड्या आणि नाणी दोनशे चौसष्ट टन. भाव चढला म्हणून दागिने कमी झाले हे खरं, ब्रँडेड दुकानांत ग्रॅमला हजार युआनचा टप्पा त्याच वर्षीच्या वसंतात ओलांडला. नोव्हेंबरपासून करांचे नियम बदलले, दागिन्यांच्या दुकानांना मिळणारी वजावट कमी झाली आणि दागिना आणखी महागला. पण मला त्यात दुसरंही दिसतं. इथे लग्नात मुलाकडून 'तीन सोनी' द्यायची रीत आहे, अंगठी, साखळी, कानातलं. ग्वांगदोंगकडे तर नवरीच्या दोन्ही हातांत मनगटापासून कोपरापर्यंत ड्रॅगन आणि फिनिक्सच्या बांगड्या चढतात, गळ्यात सोन्याच्या डुकरिणीचं पदक, पिलांसकट, लेकुरवाळी हो म्हणून. ते फोटो पाहिले की कोकणातल्या नवरीची आठवण येते. पण लग्नंच कमी झालीत. 2024 मध्ये 61 लाख जोडप्यांनी नोंदणी केली, आदल्या वर्षी 76 लाखांच्या वर होती. एका वर्षात पंधरा लाख लग्नं कमी. तेवढ्या साखळ्या, तेवढी कानातली. अंगावर चढायचं सोनं बाटलीत, लॉकरमध्ये आणि बँकेच्या खात्यावरच्या आकड्यात जाऊन बसलंय.

खुद्द त्यांची मध्यवर्ती बँक तेच करतेय. रशियाची परकी गंगाजळी गोठवली गेल्यानंतर, नोव्हेंबर 2022 पासून सलग अठरा महिने तिने सोनं घेतलं, मधे सहा महिने थांबली, आणि नोव्हेंबर 2024 पासून पुन्हा सुरू. आयीला हे सांगितलं तर ती म्हणाली, बँकसुद्धा दामाच की.

हे सगळं मला पटतं. दाणे जमवणाऱ्या पोरीचं पटतं, आयीचं पटतं. तरी त्या अंगठीपाशी मी अडते. आणि अडण्याचा मला हक्क आहे का हाही प्रश्न आहेच. माझ्या शाळेची फी, इंजिनिअरिंग, या देशात यायचं पहिलं तिकीट, सगळं लोकांच्या मोडलेल्या डागांतून आलं. आप्पांच्या मुशीत कुणाच्या पाटल्या गेल्या, कुणाच्या बाळाचे वाळे, कुणाची मंगळसूत्राची वाटी. पुरुष बाहेर बसायचे, बायका दारात उभ्या. मी पोटमाळ्यावर गृहपाठ करायचे. मला एकदाही वाटलं नाही की खाली काही वाईट चाललंय. भट्टीची ऊब वर यायची, थंडीत बरं वाटायचं. आणि मॉलमधल्या त्या बाईंना तर कुणी फसवलंही नाही. भाव चोख, काटा चोख, कुणी बोटाने काटा दाबत नाही. आपल्याकडे मोडीला गेलं की सोनार कसा कपाळाला आठ्या घालून 'टंच कमी आहे हो' म्हणतो ते ज्याने सोसलंय तो अशा मशीनला हात जोडेल. पैशांना घाई असेल. नातवंडाला द्यायचे असतील. किंवा अंगठी ज्याने दिली त्याचा तिला वीटही आला असेल, आपल्याला काय माहीत? दोन फोटो काढले एवढ्यावरून मी केवढी गोष्ट रचतेय.

रात्री आप्पांना व्हिडिओ कॉल केला. गलाई सोडून आता दहा वर्षं झाली. गावी असतात, द्राक्षाच्या चार ओळी लावल्यात. दसऱ्याचं सोनं देऊन झालं, आपट्याची पानं कॅमेऱ्यासमोर धरून झाली, मग मी मशीनची सगळी हकिगत सांगितली. मला वाटलं त्या हाताचं ऐकून ते गप्प होतील. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "घट किती गेली?"

म्हणजे गाळताना वजन किती उतरलं. मी पाहिलं नव्हतं.

"आधीचं वजन बघितलंस, नंतरचं नाही बघितलंस? गलाईवाल्याची पोर तू!" मग जरा थांबून, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन, डोळे बारीक करून: "आणि त्या मशीनची मूस कोण झाडतंय गं?"

आमच्याकडे मुशीला चिकटलेले कण, जमिनीवरची माती, झाडूचा केर, हात धुतलेलं पाणीसुद्धा टाकायचं नसे. सहा महिन्यांतून एकदा झारेकरी यायचा आणि तो केर पैसे देऊन न्यायचा. त्या पैशांत आमची दिवाळी व्हायची. मला ते आठवलं आणि हसू आवरेना. आप्पाही हसत होते, हसता हसता खोकत होते, तोच जुना तेजाबाचा खोकला. पलीकडून आई ओरडली, आधी पाणी प्या.

पुढच्या शनिवारी मुद्दाम सकाळी लवकर गेले. मॉल नुकताच उघडत होता, फरशी ओली होती. मशीनचा पडदा काळा, मागचं दार उघडं, आणि तोच मदतनीस पोरगा उकिडवा बसून आत ब्रश फिरवत होता. ब्रश झटकून खाली धरलेल्या कागदावर पाडत होता, कागद घडी घालून पारदर्शक पिशवीत, पिशवीवर पेनाने तारीख. मी लांबूनच फोटो काढला आणि आप्पांना पाठवला. गावी तेव्हा भल्या सकाळचीच वेळ असणार. तरी पाच मिनिटांत त्यांचा आवाज आला, मागे कोंबडा आरवत होता.

"ब्रश मऊ केसांचा घे म्हणावं त्याला."